अज्जीच्या गोष्टी बंद करू का?

ताई, नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मी मूळची बार्शीची, सासर कानडी. सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणतो, माझी सात वर्षांची मुलगी त्यांना अज्जी म्हणते. रात्री ती अज्जीच्याच कुशीत झोपते, गोष्ट ऐकल्याशिवाय डोळा मिटत नाही. गोष्टी त्याच त्या. नावडती राणी, सावत्र आईने छळलेली पोर, माणसं खाणारी राक्षसीण. मी आजवर काही बोलले नव्हते. यंदा गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, आम्ही कुंभारकन्येचा होम बघायला गेलो. घरी आल्यावर मुलीने विचारलं, "त्या कुंभाराच्या मुलीला का जाळलं? ती वाईट होती का?" अव्वा म्हणाल्या, "नाही गं बाळ, ती फार चांगली होती." मुलगी गप्प बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मग मी नाही चांगली होणार." मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर बोलून गेले, "अव्वा, तुमच्या गोष्टींतली बाई एक तर रडत असते, नाही तर लोकांना खात असते. माझ्या मुलीला हे शिकवू नका." त्या दिवसापासून अव्वांनी गोष्ट सांगितलेली नाही. पंधरा दिवस झाले. मी शूर मुलींच्या गोष्टींची पुस्तकं आणली आहेत. मुलगी चित्रं बघते आणि बाजूला ठेवते. माझं चुकलं का? की झालं ते बरंच झालं?
– एक आई, जुळे सोलापूर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या मुलीने विचारला तोच प्रश्न मीही विचारला होता, होम मैदानावरच, वडिलांच्या खांद्यावर बसून. सहा-सात वर्षांचीच असेन. कुंभारकन्या म्हणून उभ्या केलेल्या पेंढीला नेसवलेली साडी पेटली तशी मी ओरडले, "तिला बाहेर काढा!" आजूबाजूच्या बायका हसल्या. वडील म्हणाले, "नमस्कार कर." उत्तर काही मिळालं नाही. तुमच्या अव्वांनी निदान खरं ते सांगितलं, की ती चांगली होती. त्याच्या पुढे काय बोलायचं हे त्यांनाही कधी कोणी सांगितलेलं नसणार.

तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. ते सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं. आणि मला वाटतं, अव्वांना गोष्टींवरच्या बोलण्यापेक्षा "माझ्या मुलीला" हे दोन शब्द जास्त लागले असतील. नात त्यांचीही आहे, आणि तिला द्यायला त्यांच्यापाशी सोनं-नाणं किती असेल ते मला माहीत नाही, पण गोष्टी होत्या. त्या तुम्ही नको म्हणालात. हे तुम्हालाच मिटवावं लागेल. कसं, ते पुढे सांगते.

आधी तुमचा आरोप. तो मी झटकून टाकणार नाही. श्रावणातल्या शिवामुठीची कहाणी आठवा. राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. तिने काय केलं म्हणून ती नावडती झाली? कहाणीत एक अक्षर नाही. आणि हे आपल्याकडेच आहे असंही नाही. सिंड्रेलासारखी गोष्ट चीनमध्ये नवव्या शतकात लिहून ठेवलेली आहे. तिथेही सावत्र आई आहेच, आणि तिथेही राजा त्या मुलीला शोधतो तो पायातल्या इवल्याशा जोड्याच्या मापावरून. ती काय बोलते, काय विचार करते, याची चौकशी नाही. सोसणारी ती चांगली, मागणारी ती वाईट, म्हातारी आणि एकटी असेल तर चेटकीण, हा हिशोब पुष्कळ देशांत सारखाच मांडलेला दिसतो. आईच्या जिवाला हे टोचणारच.

पण ही गोष्ट सांगतं कोण आणि कोणासमोर, हेही बघायला हवं. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी आमच्या वाड्यात शिकले. शेजारी एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, मावशी राहायच्या. नवरा मागावर, त्या घरी विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. पान बोटांत धरायचं, चिमटीभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक मुडपायचं आणि दोऱ्याचे दोन वेढे. हात असा चाले की तिकडे बघावंही लागत नसे, म्हणून तोंड मोकळं असे. दुपारी आम्ही पोरी भोवती बसायचो आणि त्या अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत गोष्ट सांगायच्या. दोरा बांधताना मात्र ओठ मिटायचे. गोष्टीतला राक्षस दार ढकलतोय आणि मावशी दोरा बांधतायत. आमचा जीव टांगणीला.

त्यांच्या दुपारच्या गोष्टीतली राणी राजाला तोंडावर विचारायची, "माझं काय चुकलं ते सांग, मग हाकल." तीच गोष्ट एकदा रात्री, काका जेवायला बसलेले असताना, आम्ही हट्टाने सांगायला लावली. राणी काही बोललीच नाही. पदर तोंडाला लावून रानात निघून गेली. मी मध्येच म्हटलं, "मावशी, ती विचारते ना राजाला?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी राणी परत बोलायला लागली.

कानडी लोककथा वर्षानुवर्षं गोळा करणारे ए. के. रामानुजन यांनी हाच भेद नोंदवला आहे. राजपुत्राची गोष्ट लग्नापाशी संपते. बायका बायकांना सांगतात त्या गोष्टीत लग्न आधीच होऊन जातं आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. हे मी वाचलं तेव्हा मावशींचं सूप डोळ्यांसमोर आलं.

आता शिवामुठीच्या कहाणीकडे परत या. नावडती मूठ वाहताना काय म्हणते? सासू-सासऱ्या, दिरा-भावा, नणंदा-जावा, भ्रतारा, नावडती आहे ती आवडती कर रे देवा. ही प्रार्थना आहे हे खरं. पण मोजा तरी, किती माणसांची मर्जी राखायची आहे तिला. ज्या बाईने हे प्रथम रचलं, तिने सासरच्या एकेकाचं नाव घेऊन देवापुढे तक्रार मांडली आहे. घरात बोलायची सोय नव्हती, म्हणून पूजेत बोलली. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या कितीतरी आहेत, आणि पहाटे दळणाऱ्या बाईला तिथे रामाचा मोठेपणा दिसत नाही, रानात एकटी बाळंत होणारी सीता दिसते. दिवसा रामायण ऐकून हात जोडणारी हीच बाई.

छापील पुस्तकांवर तुमचा भरवसा असेल तर एक सांगते. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी 1812 साली गोष्टींचा पहिला भाग छापला. त्यात हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी ही तिची सख्खी आई होती. 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडून यायला लावणारीही आधी सख्खी आईच. तिला 1840 मध्ये सावत्र केलं. सख्ख्या आईचं असं रूप घरातल्या पुस्तकात नको, म्हणून सगळं पाप सावत्रीच्या माथी मारलं. त्यांना कितीतरी गोष्टी सांगणारी डोरोथेया फीमान ही एका शिंप्याची बायको होती, भाजी विकणारी. सांगणाऱ्या बायका, आणि बसून त्यांवर हात फिरवणारे विद्वान पुरुष.

लाल टोपडीवाल्या मुलीचं तर याहून वाईट झालं. शार्ल पेरोने 1697 मध्ये ती गोष्ट छापली, त्यात लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. खाली मुलींना उपदेश, अनोळखी माणसाचं ऐकू नका. ग्रिमांनी शिकारी आणला, तो लांडग्याचं पोट फाडून तिला बाहेर काढतो. पण फ्रान्समधल्या खेड्यांत लोक तोंडी सांगत ती गोष्ट वेगळीच होती. त्यात मुलगी पलंगाशी पोचते, हे आजीचं अंग नाही हे ओळखते आणि म्हणते, "मला बाहेर जायचंय, लागलीय." लांडगा तिच्या पायाला दोरा बांधून सोडतो. अंगणात गेल्यावर ती दोरा सोडते, आलुबुखारच्या झाडाला बांधते आणि घरी पळून जाते. लांडगा आत पडल्या पडल्या विचारतोय, "झालं का गं?" ही गोष्ट तुमच्या मुलीला सांगा. सात वर्षांच्या पोरीला ती किती आवडते ते मी माझ्या भाचीवरून सांगते. तिने सलग तीन रात्री तीच मागितली.

आणि आपल्याकडची भोपळ्यातली म्हातारी? ती एकटी रानातून निघालीय. वाघाला सांगते, लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही अशी रीत असलेल्या समाजात ही बाई लेकीकडे राहायला जाते, खाऊन-पिऊन धट्टीकट्टी होते आणि भोपळ्यात बसून घरी परतते. ही गोष्ट कोणीतरी माहेरवाशिणीने किंवा लेकीच्या आईनेच रचलेली असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. खुलभर दुधाच्या कहाणीतली म्हातारी तर राजाचा हुकूम मोडते. महादेवाचा गाभारा भरायचा म्हणून सगळ्यांनी घरातलं सगळं दूध आणून ओतायचं असा हुकूम. गावातली वासरं, पोरं उपाशी तळमळतात आणि गाभारा काही भरत नाही. म्हातारी आधी घरातल्या मुलाबाळांना, लेकी-सुनांना, गाईवासरांना पोटभर देते आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन जाते. गाभारा भरतो. राजा विचारतो तेव्हा त्याला तोंडावर सांगते, तुझ्या हुकुमाने पोरांचे, वासरांचे आत्मे तळमळले, देवाला ते आवडलं नाही. ही कहाणी अव्वांना नक्की येत असेल. नसेल तर त्यांना तुम्ही सांगा, बार्शीत तुमच्या आईने श्रावणी सोमवारी वाचलीच असेल.

चिऊताईबद्दलही माझं एक मत आहे. थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. कावळा बाहेर भिजतोय म्हणून आपण तिला नावं ठेवतो. मला मात्र ती आवडते. सगळ्या गोष्टींत ही एकटीच आहे जिचं घर तिचं स्वतःचं आहे आणि जी दारातल्याला थांब म्हणू शकते.

एवढं सांगितल्यावर कुंभारकन्येकडे यायला हवं. तुमच्या मुलीचा प्रश्न तिच्याबद्दल होता आणि तो टाळता येणार नाही. आपण सोलापूरकर आहोत, दर संक्रांतीला तो परत येणार.

तिला आधी गोष्ट पूर्ण सांगा. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले योगी. कुंभाराची ही मुलगी रोज त्यांच्या अंगणात सडा घालायची, रांगोळी काढायची. एक दिवस ती स्वतः त्यांना म्हणाली, मला तुमच्याशी लग्न करायचंय. कोणी तिला दाखवायला नेलं नाही, कोणी तिचं ठरवलं नाही. ज्याच्यावर मन बसलं त्याला तिने विचारलं. सिद्धरामेश्वर ब्रह्मचारी, त्यांना लग्न शक्य नव्हतं. पण त्यांनी तिला हाकलून दिलं नाही, वेडी म्हटलं नाही, कुंभाराची म्हणून पायरी दाखवली नाही. माझ्या योगदंडाशी लग्न कर म्हणाले. म्हणून आजही त्या योगदंडाची खूण म्हणून नंदीध्वज निघतात, लग्न लागतं त्या सम्मती कट्ट्यापाशी सारं गाव जमतं आणि आपण अक्षता टाकतो. मुलीला विचारा, शेकडो वर्षांनंतरही अख्खं शहर जिच्या लग्नाला जातं अशी दुसरी मुलगी तुला माहीत आहे का? तिच्या हातातही अक्षता होत्या ना, या वेळी?

आणि मग अग्नी. लग्नानंतर ती सती गेली, असं गोष्टीत आहे. इथे खोटं बोलू नका. तो शेवट मला खांद्यावर बसलेली असताना टोचला, आजही टोचतो. मी दरवर्षी तिथे हात जोडते आणि दरवर्षी टोचतो. मुलीला सरळ सांगा, जुन्या काळच्या लोकांना वाटायचं की बाईचं प्रेम खरं असेल तर तिने मागे उरायचंच नाही. ते चूक होतं. 1829 साली सरकारने सतीची चाल कायद्याने बंद करायला सुरुवात केली, त्यासाठी आपल्याच देशातली माणसं भांडली, आणि आज असं कोणी करायला लावलं तर तो गुन्हा आहे. आपण पेंढीला नमस्कार करतो तो त्या मुलीला करतो. ती जळाली म्हणून ती चांगली, असं नाही. ती त्याच्या आधीच चांगली होती. सात वर्षांच्या मुलीला हे कळतं. "मग मी नाही चांगली होणार" असं म्हणणारीला तर नक्कीच कळेल, कारण तिने गोष्टीतलं नेमकं दुखरं बोट पकडलंय.

आता एक गोष्ट खास अव्वांसाठी. त्या कानडी आहेत म्हणून सांगते. याच सिद्धरामेश्वरांचं एक वचन आहे कानडीत. त्याचा अर्थ असा, की स्त्री ही स्त्री नव्हे, स्त्री ही राक्षसीण नव्हे, स्त्री ही साक्षात कपिलसिद्ध मल्लिकार्जुन आहे, बघ. कपिलसिद्ध मल्लिकार्जुन हे त्यांच्या देवाचं नाव, ते त्यांच्या वचनांच्या शेवटी येतं. ज्या गावात मी राक्षसिणीच्या गोष्टी ऐकत मोठी झाले, त्या गावच्या दैवताने हे बाराव्या शतकात म्हणून ठेवलंय. अव्वांना हे वचन येत असेल तर नातीला पाठ करून द्यायला सांगा. येत नसेल तर दोघी मिळून शिका.

मग सगळ्याच गोष्टी चालतील का? नाही. काही मी स्वतः सांगणं सोडून दिलंय. जिथे बाईला मारतात आणि ऐकणाऱ्यांनी हसायचं असतं, ती नको. जिथे काळी म्हणून, कुबडी म्हणून, मूल नाही म्हणून बाई दुष्ट ठरते, ती नको. या गोष्टी अव्वांकडून आल्या तर मुलीसमोर तोडू नका. मुलगी झोपल्यावर चहाचा कप हातात घेऊन बसा आणि सांगा, अव्वा, ही मला नको वाटते, अमुकमुळे. राक्षसिणीला मात्र माझी हरकत नाही. मुलांना भीती हवी असते, अज्जीच्या कुशीतली भीती. रशियात बाबा यागा नावाची म्हातारी आहे, कोंबडीच्या पायांवरच्या घरात राहते, माणसं खाते. आई मेलेली वासिलिसा तिच्याकडे विस्तव मागायला जाते, खिशात आईने मरताना दिलेली बाहुली. म्हातारी तिला राब राब राबवते, पण शेवटी विस्तव देऊनच परत पाठवते. अव्वांच्या राक्षसिणीही नीट ऐका. त्यांतली एखादी विस्तव देणारी निघेल.

पुस्तकं परत करू नका. पण तुमची मुलगी ती बाजूला ठेवते याचं नवल नाही. त्यांतली शूर मुलगी छान आहे, तिला अज्जीच्या लुगड्याचा वास नाही.

राहिलं अव्वांशी बोलणं. माफी मागायची ती सगळ्यांसमोर मागा, कारण बोललात सगळ्यांसमोर. जेवताना, सरळ. "अव्वा, त्या दिवशी मी बोलले ते तसं बोलायला नको होतं." त्यापुढे "पण" नको. पण असेल तो नंतर, त्या चहाच्या वेळी.

आणि मग त्यांना एक गोष्ट सांगा. कानडीच आहे, रामानुजन यांनी नोंदवलेली. एका बाईला एक गोष्ट येत होती आणि एक गाणं येत होतं. तिने ती कधी कोणाला सांगितली नाही. आत कोंडून कोंडून दोघांचा जीव गुदमरला. एक दिवस ती झोपलेली असताना गोष्ट तिच्या उघड्या तोंडातून बाहेर पडली आणि दारात जोडा होऊन बसली. गाणं पुरुषाचा कोट होऊन खुंटीला लटकलं. नवरा घरी आला, परका कोट आणि जोडा बघून भडकला. हे कोणाचं? तिला काय माहीत. भांडण होऊन तो मारुतीच्या देवळात झोपायला गेला. रात्री गावातल्या घराघरांतल्या दिव्यांच्या ज्योती विझल्यावर त्या देवळात गप्पा मारायला जमायच्या. या घरातली ज्योत उशिरा आली. बाकीच्यांनी विचारलं, का गं उशीर? तिने सगळं सांगितलं, जोडा म्हणजे गोष्ट आणि कोट म्हणजे गाणं. नवऱ्याने ते ऐकलं. घरी जाऊन बायकोला म्हणाला, तुझी ती गोष्ट काय, गाणं काय? ती म्हणाली, कुठली गोष्ट? कुठलं गाणं?

ती विसरून गेली होती.

एवढं सांगून थांबा. अव्वा काही बोलल्या नाहीत तरी चालेल. रात्री मुलीला त्यांच्या खोलीत पाठवा, तुम्हीही मागोमाग जा आणि पायाशी बसा. तुमचं कानडी कच्चं असेल, असू दे. म्हणा, "अव्वा, ओंदु कथी हेळ्री," एक गोष्ट सांगा. आणि नावडतीचीच सांगितली, तर मुलीला मध्येच विचारू द्या, अज्जी, तिने काय केलं होतं? अव्वा काय उत्तर देतात, ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई